बॉटचा मूड टोकाला जाऊन अडकतो, गणित कुठे चुकतंय?

कंसपूर्ण:
पायथनमध्ये नियमांवर चालणारा चॅटबॉट आहे. भाषा मॉडेल नाही, साधारण ४०० ठरलेली उत्तरं आहेत. स्वभावासाठी खुशी आणि उत्तेजना अशी दोन व्हेरिएबल, दोन्ही −१ ते +१. प्रत्येक मेसेजचा सूर −१ ते +१ मध्ये मोजतो, त्याच्या ०.२ पट खुशीत मिळवतो आणि मर्यादेबाहेर गेलं की कापतो.

पाच-सहा गोड मेसेज आले की खुशी +१ ला चिकटते. त्यानंतर कितीही साधे प्रश्न आले तरी बॉट हर्षवायू झाल्यासारखाच बोलतो. शिवाय उत्तरांच्या याद्या इफ-एल्सने निवडतो: ०.५ च्या वर आनंदी, खाली शांत. ०.४९ आणि ०.५१ ला दोन वेगळी माणसं बोलतायत असं वाटतं. दोन्हीवर उपाय हवा आहे. स्वभाव आकड्यांतून नीट उतरावा ही खरी इच्छा.

घनमूळ:
साध्या प्रश्नाचा सूर शून्य. शून्याच्या ०.२ पट शून्यच, मग खुशी उतरणार कशी? तुमच्या सूत्रात मूड चढतो, पण घरी परत येत नाही. असं करून बघा:

नवी खुशी = पाया + (जुनी खुशी − पाया) × क + ग × सूर

पाया म्हणजे कोणी काही न बोलता बॉट जिथे असतो ती जागा. क म्हणजे दर मेसेजला पायापासूनच्या अंतराचा किती भाग उरतो, ग म्हणजे सुराला किती पट वजन. समजा पाया ०.२ आणि क = ०.८५. मग पायापासूनचं अंतर साधारण सव्वाचार मेसेजमध्ये निम्मं होतं.

ग मात्र अंदाजाने ठेवू नका, बहुतेक जण इथेच फसतात. सलग +१ सूर येत राहिला तर खुशी पाया + ग ÷ (१ − क) इथे स्थिरावते. ग = ०.३ ठेवला तर ०.२ + ०.३ ÷ ०.१५ = २.२. म्हणजे पुन्हा कापणी, पुन्हा चिकटणं. ग = (१ − क) × (१ − पाया) असा काढा: ०.१५ × ०.८ = ०.१२. आता कमाल बरोबर +१ येते, तीही हळूहळू जवळ जात. आणि सलग −१ आला तर? ०.२ − ०.८ = −०.६. कितीही शिव्या खाल्ल्या तरी हा बॉट त्याच्या खाली जाणार नाही. मला यातच स्वभाव दिसतो: कुठे परततो, किती वेगाने परततो. उत्तरांच्या याद्या त्यानंतर.

प्रत्येक भावनेला वेगळा क द्या. केनेथ कोल्बी यांच्या १९७२ च्या ‘पॅरी’ या संशयी रुग्णासारखं बोलणाऱ्या चॅटबॉटमध्ये भीती, राग आणि अविश्वास अशी तीन खाती होती. राग लवकर उतरायचा, अविश्वास फार सावकाश. संशयी माणूस उभा राहायला या फरकाची मदत झाली. १९६६ च्या ‘एलायझा’ या चॅटबॉटमध्ये असं भावनेचं खातंच नव्हतं.

पाया हाताने ठरवायचा नसेल तर मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांची, स्वभावगुणांवरून मूड काढणारी समीकरणं वापरता येतात. खुशीसाठी: ०.२१ × बहिर्मुखता + ०.५९ × सौहार्द + ०.१९ × भावनिक स्थैर्य. उत्तेजनेसाठी: ०.१५ × नवेपणाची ओढ + ०.३० × सौहार्द − ०.५७ × भावनिक स्थैर्य. गुण −१ ते +१ मध्ये घ्या. शेवटचा गुण स्थैर्य आहे, न्यूरोटिसिझम (भावनिक अस्थिरता) नव्हे. तुमच्याकडे न्यूरोटिसिझमचा आकडा असेल तर चिन्ह उलटा, नाहीतर चिंताक्रांत पात्र थंड डोक्याचं निघतं.

सिग्मा_०७:
दुसऱ्या अडचणीवर. याद्या काढून टाका. प्रत्येक उत्तराला त्याचा स्वतःचा बिंदू द्या (खुशी, उत्तेजना) आणि बॉटच्या सध्याच्या मूडपासून अंतराचा वर्ग काढा. वजन = ई चा घात (−अंतरवर्ग ÷ त), त हा तुम्ही ठरवायचा आकडा. त्या वजनांनी रँडम निवड करा, पायथनचं रँडम मोड्यूल चॉइसेस फंक्शनमध्ये वजनं थेट घेतं.

तीन उत्तरांचे अंतरवर्ग ०.०४, ०.२५, ०.६४ असतील तर त = ०.१ ला शक्यता साधारण ८९, ११ आणि ०.२ टक्के. त = ०.५ ला ५१, ३४, १५. म्हणजे त कमी असेल तर पात्र ठाम वाटतं, जास्त असेल तर लहरी. त स्वतःच उत्तेजनेवर बांधला तर चिडलेला बॉट जास्त अनपेक्षित बोलतो, हे फार छान दिसतं.

त फार लहान केला की सगळी वजनं शून्यावर येतात आणि चॉइसेस एरर देतं. म्हणून घातांकांतला सर्वांत मोठा आधी सगळ्यांतून वजा करा, एक वजन तरी १ राहतंच. आणि शेवटच्या पाच उत्तरांच्या घातांकातून २ वजा करा. तेच वाक्य लगेच परत आलं की आकड्यांची सगळी मेहनत वाया जाते.

राइव्हस्क्रिप्ट या चॅटबॉट लिहायच्या भाषेत उत्तरांना वजन देता येतं, पण ते फाइलमध्ये कायमचं लिहिलेलं असतं. मूडप्रमाणे बदलायचं असेल तर ऑब्जेक्ट मॅक्रोमधून (फाइलमधून कोड चालवायची सोय) पायथनला विचारा.

अर्धविराम:
सूर मोजणारा भागही तपासा. बॉट मराठी वाचत असेल आणि तर्क इंग्रजी लायब्ररीवरून उचलला असेल तर नकार चुकणार. ते भावनेच्या शब्दाआधी नकार शोधतात, आपल्याकडे तो मागून येतो: ‘आवडलं नाही’, ‘वाईट नव्हतं’. शब्दानंतरचे दोन शब्द बघा, पण स्वल्पविराम ओलांडू नका. ‘छान आहे, नाही का?’ यातला नकार छानचा नाही.

त्याआधी मजकूर एकसारखा करा. ‘दऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड झीरो-विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून लिहितात. अदृश्य चिन्हं सरसकट पुसली तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. आधी तो जोड ‘ऱ्’ मध्ये बदला, मग पुसा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’साठी जवळीक नावाचं तिसरं व्हेरिएबल ठेवा, पण एकच उंबरा नको. ०.६ च्या वर गेली तर ‘तू’वर या, ०.४ च्या खाली उतरली तरच परत ‘तुम्ही’वर जा. एकाच आकड्यावर दोन्ही ठेवलं तर एकाआड एक वाक्यात बॉट संबोधन बदलतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच खुपतं.

कंसपूर्ण:
ग चं सूत्र लावलं, चिकटणं थांबलं. मनापासून आभार. एक राहिलं: युजर रागावून गेला आणि आठ तासांनी आला तर बॉट तिथेच फुगून बसलेला. मागे टायमर चालवावा का?

घनमूळ:
टायमर नको. शेवटच्या मेसेजची वेळ साठवा. नवा मेसेज आला की आधी पायापासूनचं अंतर ०.५ च्या (गेलेले सेकंद ÷ ६००) या घाताने गुणा, मग वरचं सूत्र लावा. दहा मिनिटांत राग निम्मा होतो, आठ तासांत ४८ वेळा निम्मा, म्हणजे संपलाच. अविश्वासासाठी ६०० ऐवजी ८६४०० घ्या: तो आठ तासांनंतरही सुमारे ७९ टक्के उरतो, आणि परत आलेल्या युजरशी बॉट शांत पण जरा जपून बोलतो.

गेलेले सेकंद शून्याखाली जाऊ देऊ नका. सर्व्हरचं घड्याळ मागे सरकलं तर गुणक १ च्या वर जातो आणि मूड उसळतो. तपासायला रँडमचा सीड ठरवून २०० तटस्थ मेसेज एकामागून एक पाठवा आणि प्रत्येकाचे आकडे लॉग करा. खुशी पायावर येऊन टेकली नाही तर सूर मोजणारं फंक्शन तटस्थ वाक्यांना शून्य देत नाहीये, आधी ते दुरुस्त करा.