मोर्चातल्या कवितेने काय होतं?

गिरणगावकर: काल इथे एकांनी लिहिलं, "कलावंतांनी कलेपुरतं राहावं. आरेत गाणी म्हणून झाडं वाचली का?" ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. संयुक्त महाराष्ट्राची मागणी चाळीचाळीत पोचली ती शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या आवाजातून. पेपर वाचता न येणाऱ्यालाही पोवाडा कळायचा. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. कवी नारायण सुर्वेही गिरणीत, पुढे पालिकेच्या शाळेत शिपाई. शहराचे प्रश्न यांच्या घरातलेच होते. त्यांनी कोणत्या कलेपुरतं राहायचं होतं?

मेट्रोप्रवासी: ते मीच लिहिलं, आणि आजही तेच म्हणतो. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ला हायकोर्टाने फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. थांबवलं कोर्टाने, कवींनी नाही. आणि १९८२च्या गिरणी संपात गाणी कमी होती का? अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. माझे वडील त्यात होते. घरात धान्य नव्हतं. गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत.

करवंद: सुप्रीम कोर्टाने सुनावणी घेतली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून. रस्त्यावर आवाज नसता तर त्या पोरांना पत्र लिहावंसं वाटलं असतं?

ढोलकी_लालबाग: तुम्ही भांडा, पण बिदागीचं कोणी बोलणार आहे का? आमच्या भागातल्या एका संस्थेने नाल्याच्या प्रश्नावर शाहिरी कार्यक्रम ठेवला. मंडपवाल्याला पैसे, स्पीकरवाल्याला पैसे, जनरेटरवाल्याला पैसे. आम्हाला नारळ आणि शाल! त्या दिवशीची लग्नाची सुपारी मी सोडली होती.

करवंद: चळवळीत पैसे मागायचे? मग बांधिलकी कसली?

ढोलकी_लालबाग: जनरेटरवाल्याला विचारलीत का बांधिलकी? माझ्या पोरीची फी बांधिलकीवर भरू?

गिरणगावकर: ताई, विषय भरकटतोय.

ढोलकी_लालबाग: भरकटत नाही, हाच विषय आहे. डॉ. लागू, निळू फुले यांनी नाटकाचे दौरे करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. कशासाठी? पूर्णवेळ कार्यकर्त्याला दरमहा मानधन मिळावं म्हणून. नटांनी कार्यकर्त्यांच्या चुलीचा विचार केला. कार्यकर्ते आमच्या चुलीचा कधी करणार?

करवंद: नावाजलेल्या नटांची गोष्ट वेगळी. आमच्याकडे पत्रकं छापायला पैसे नसतात. दर वेळी वर्गणी काढतो, हे माहीत नसताना बोलू नका!

ढोलकी_लालबाग: वर्गणी काढताना माझंही नाव धरा, एवढंच म्हणते. आवाज चढवू नका.

मेट्रोप्रवासी: या ताईंचं मला पटतं. कवितेने झाडं वाचतात हे अजूनही मान्य नाही. पण संपाच्या दिवसांत वडील रात्री कलापथक ऐकायला जायचे, हे आईने सांगितलंय. परत आले की जेवणावरून भांडायचे नाहीत म्हणे. एवढं मानतो. त्यापुढे नाही.

गिरणगावकर: मग काल "गाण्यांनी काही होत नाही" असं लिहिलंत ते मागे घ्या.

मेट्रोप्रवासी: "झाडं वाचत नाहीत" लिहिलं होतं. नीट वाचा.

करवंद: ढोलकीताई, पुढच्या रविवारी वॉर्ड ऑफिससमोर सभा आहे. बिदागी किती ते आधीच सांगा. जमलं तर देऊ, नाही जमलं तर तसं स्पष्ट सांगू.

ढोलकी_लालबाग: जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन साथीदारांचे पैसे. माझे राहू द्या. पण शाल आणू नका.