उ: सँड हिल्समध्ये डिझायनरने केलं तरी काय?

वर कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेत नेब्रास्कातल्या सँड हिल्स या गोल्फ कोर्सला माती जवळजवळ हलवलीच नाही मग बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या त्याच्या डिझायनरांना क्रेडिट कसलं, हे मला अजिबात पटत नाही. माती कमी हलवली हे खरंच आहे, पण तिथल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांनी आधी १३० च्या वर होल्स (म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळीपर्यंतचे खेळाचे पट्टे) शोधून नकाशावर मांडले आणि त्यातून चालायला सोपे पडतील, एकमेकांना जोडले जातील असे १८ निवडले, खरं डिझाईन ते तिथेच झालं. १९९५ ला कोर्स उघडला. प्रायव्हेट क्लब असल्यामुळे फार कमी लोकांना खेळायला मिळतो, हे मात्र वाईटच वाटतं.

अजून एक, बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचं, कोणी बोललंच नाही. तिथले बरेचसे बंकर म्हणजे वाऱ्याने गवत उखडून टेकडीला पाडलेली भगदाडं, कोर्सच्या आधीपासूनची, आणि वारा अजूनही वाळू उडवतोच त्यामुळे कडा सरकत राहतात. वारा जोरदार म्हणून फेअरवे (होलमधला कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) ऐसपैस ठेवलेत. १७ वा होल बघा, जेमतेम १५० यार्डांचा पार ३ (तीन फटक्यांत संपवायचा), छोटंसं ग्रीन (खळीभोवतीचं बारीक कापलेलं गवत) आणि भोवती वाळू, मला तर अख्ख्या कोर्सवर तोच सगळ्यात भारी वाटतो.