बांगलादेश की श्रीलंका? लष्करी हस्तक्षेप जोखायचा कसा?

प्रश्न – रानवाट
परक्या भूमीवर सैन्य पाठवायचा विषय निघाला की एक जण १९७१ काढतो, दुसरा १९८७. दोन्हीकडे आपलंच सैन्य होतं, मग निकाल इतका वेगळा का लागला? आणि आजच्या एखाद्या प्रकरणात आधी काय तपासावं?

प्रतिसाद – काळाकातळ
सह्या कोणाच्या आहेत ते आधी बघा. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. शस्त्रं खाली ठेवायची होती ती मुख्यतः एलटीटीईने, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या बंडखोर संघटनेने, आणि तिची सहीच नव्हती. भारताची शांतिसेना दुसऱ्याच दिवशी उतरायला लागली. थोडी शस्त्रं जमा झाली, मग सगळं थंडावलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईचे १७ जण पकडले. कोलंबोला न्यायचं म्हटल्यावर त्यातल्या १२ जणांनी सायनाइड खाऊन जीव दिला. त्यानंतर आठवडाभरात, ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याच जाफना शहरात एलटीटीईविरुद्ध 'ऑपरेशन पवन' सुरू झालं.

म्हणजे काम पार बदललं, तयारी मात्र जुन्याच कामाची. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीची एक तुकडी उतरवली. वायरलेसवरचं बोलणं पकडून एलटीटीई दबा धरून बसली होती. हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या, पुढच्या फेऱ्या थांबल्या आणि मैदानातली माणसं एकटी पडली. शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. शांतता राखायला गेलेल्या सैन्यावर लढायची वेळ आली तर कोणाशी, कोणत्या नकाशावर आणि कोणत्या कुमकेच्या भरवशावर, याचं उत्तर निघण्याआधीच हवं.

प्रतिसाद – दर्यावर्दी
सहमत, पण १९७१ ची फूटपट्टी सरसकट लावू नका. एप्रिलमध्येच चढाई करायला लष्करप्रमुख माणेकशांनी नकार दिला: पुढे पावसाळा, पूर्व बंगालच्या नद्या फुगणार, सैन्याची जमवाजमवही अपुरी. हिवाळ्यात बर्फाने खिंडी बंद झाल्या की चीनची धास्तीही कमी होणार होती. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला. १७ एप्रिललाच बांगलादेशच्या हंगामी सरकारने शपथ घेतली होती, बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची मुक्तिवाहिनी लढत होती. युद्ध ३ ते १६ डिसेंबर चाललं आणि मार्च १९७२ मध्ये सैन्य परतलं. कारभार कोणाच्या हाती द्यायचा हे तिथे आधीच ठरलेलं होतं. जाफन्यात तसं कोणीच नव्हतं.

प्रतिसाद – काळाकातळ
बरोबर. आणि यजमानाची संमती किती दिवस टिकेल, हेही बघाच. श्रीलंकेचे पंतप्रधान प्रेमदासा यांचा कराराला विरोध होता. कराराच्या दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून वार केला. इतका उघड राग दिसत असूनही सैन्य जातच राहिलं. १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी जुलैअखेर निघून जायला सांगितलं आणि एलटीटीईला शस्त्रंही पुरवली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, मरणोत्तर परमवीर चक्र, हे त्यांतलेच.

प्रतिसाद – सांजवारा
मालदीव विसरू नका. ३ नोव्हेंबर १९८८ ला राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, त्याच रात्री आग्र्याहून निघालेले पॅराट्रूपर हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले. भाडोत्री बंडखोर ओलीस घेऊन जहाजातून पळाले, त्यांना नौदलाच्या 'गोदावरी' आणि 'बेतवा'ने समुद्रात अडवलं. सरकार वाचवायचं, एवढंच काम. ते झालं आणि बहुतेक सैन्य लवकरच परतलं.