क्लिपलेस (बूट अडकवायची) पेडलं घ्यावीत का? पाय वर ओढण्याबद्दल शंका

नमस्कार मंडळी,

पुण्यात हायब्रिड सायकल चालवतो. साधी चपटी पेडलं, पायात रोजचेच बूट. रविवारी सिंहगड नाहीतर खंबाटकी. थंडीत २०० किमीची बीआरएम (मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायचा बेत आहे. साडेतेरा तासांची मुदत, म्हणजे चहा-नाश्ता धरून ताशी १५ ची सरासरी. सपाटीवर काळजी नाही, घाट आला की दमछाक होते.

ग्रुपवाले हात धुऊन मागे लागलेत, "एसपीडी घे, चढावर पाय वर ओढता येतो." (एसपीडी म्हणजे शिमानोची क्लिपलेस पेडलं.) ऐकायला बरं वाटतं, पण वाचलंय ते उलटंच. पेडलवरचा जोर मोजून पाहिला तर एका लयीत चालवताना मुरलेले सायकलस्वारही पाय फारसे ओढत नाहीत. वर येणाऱ्या पायाचा भार तेवढा हलका करतात. मुद्दाम ओढायला लावलं तर त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागतो. खरा जोर मांडीचा आणि कुल्ल्याचा, तो तर साध्या पेडलवरही लागतोच की. मग पेडल आणि बूट मिळून आठ-दहा हजार कशाचे घालायचे?

शिवाय उजवा गुडघा आधीच कुरकुरतो, आणि सिग्नलला पाय अडकून आडवं व्हायची भीती आहेच. वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा. "घेऊन टाक रे" नको.

प्रतिसाद

ओढण्यासाठी घेणार असाल तर नकोच. फायदा वेगळा आहे. कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) नव्वदीच्या पुढे गेली, रस्ता उखडलेला असला, पाऊस असला तरी पाय जागचा हलत नाही. बीआरएमच्या शेवटच्या टप्प्यात, पाय बधिर झाल्यावर, ते कळतं.

बुटाखाली क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) असतो. त्यातले तीन बोल्टवाले एसपीडी-एसएल नकोत, टपरीपर्यंत बदकासारखं चालावं लागतं. दोन बोल्टवाल्यांत (एसपीडी) क्लीट बुटाच्या तळव्यात बुडलेला असतो. क्लीट एसएच ५६ घ्या, टाच कशीही वळवली तरी सुटतो. वर जोरात हिसकलात तरी सुटतो, त्यामुळे ओढण्याचा वाद तिथेच मिटला! पेडलचं टेन्शन (क्लीटवरची पकड) ३ एमएमच्या ॲलन कीने अगदी सैल ठेवा. आधी भिंतीला धरून अडकवा-सोडवा करा.

गुडघ्याचं मात्र आधी बघा. सीट खाली असेल तर कुठलंही पेडल लावा, दुखणारच. क्लीट लावताना पाय नैसर्गिक जसा पडतो तोच कोन ठेवा, मुद्दाम सरळ करू नका.

आणि डावं पेडल काढताना आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं.