इंटरनॅशनल ट्रक: डीटी ४६६ गेल्यावर कंपनीचं स्वतःचं असं काय उरलं?

इंजिनघर

१९०२ मध्ये मॅककॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन शेतीयंत्रांच्या कंपन्या एक होऊन शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर उभी राहिली. १९०७ ला त्यांची ऑटो बगी आली. गिऱ्हाईक शेतकरी, म्हणून चाकं उंच (कच्च्या रस्त्याच्या चाकोरीत गाडीचं पोट टेकू नये) आणि दोन सिलिंडरचं इंजिन हवेवर थंड होणारं. शेतकऱ्याला गावातच दुरुस्त करता येईल असं यंत्र द्यायचं, हा या कंपनीचा धर्म तिथपासूनचा आहे, आणि तो शेवटपर्यंत कुणी पाळला असेल तर डीटी ४६६ या डिझेल इंजिनाने.

४६६ घन इंच म्हणजे ७.६ लिटर, सरळ रेषेत सहा सिलिंडर, वेट स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, म्हणजे लायनर, सुटी आणि बाहेरून कूलंटने वेढलेली). तेच इंजिन ट्रॅक्टरमध्ये, तेच डंपरमध्ये, तेच शाळेच्या बसमध्ये. लायनर झिजला तर ब्लॉक बोअर करायला इंजिन उतरवावं लागत नाही. हेड आणि ऑइल पॅन काढा, पिस्टन वर ओढा, लायनर खेचून काढा, नवीन ओ-रिंगसकट बसवा. सगळं चॅसिसवरच होतं. मधल्या वजनाच्या अमेरिकन ट्रकमध्ये त्या काळी बरीच इंजिनं पॅरेंट बोअरची होती, म्हणजे लायनरच नाही.

आज मधल्या गाड्यांत कमिन्स कंपनीचं इंजिन आणि मोठ्या गाड्यांत स्वीडनच्या स्कॅनियाच्या घराण्यातलं एस१३ इंजिन. २०२१ पासून मालकी म्युनिकच्या ट्रेटनची, म्हणजे पर्यायाने फोक्सवॅगनची. माझ्या मते ही इंटरनॅशनल नव्हे, इंटरनॅशनलची पाटी आहे.

लाइनसेटिंग

पूर्ण असहमत. तुम्ही मधल्या वजनाच्या ट्रकचा इतिहास सगळ्या कंपनीवर चढवताय. मोठ्या ट्रान्सस्टार, ९३००, ९९०० या लांब पल्ल्याच्या गाड्या आठवा. त्यांत कमिन्स असायचं, कॅटरपिलर असायचं, डेट्रॉइट असायचं. गिअरबॉक्स ईटन-फुलरचा, अ‍ॅक्सल दुसऱ्याचे. तेव्हा कुणी म्हटलं का, की ही इंटरनॅशनल नाही?

अमेरिकेत मोठा ट्रक मागणीप्रमाणे बांधला जातो, आणि इंटरनॅशनलची खरी ओळख तिच्या लाइन सेटिंग तिकिटात आहे. प्रत्येक गाडीच्या कागदावर तिच्यात बसलेल्या प्रत्येक जोडणीचा कोड असतो: १२ ने सुरू होणारे इंजिनचे, १३ चे गिअरबॉक्सचे, १४ चे मागच्या अ‍ॅक्सलचे. पार्ट काउंटरवर व्हीआयएनचे (चॅसिस नंबरचे) शेवटचे आठ आकडे सांगितले की तुमच्या गाडीला कुठली यू-जॉइंट, कुठलं ब्रेक चेंबर लागतं ते कळतं. जुन्या गाडीचं इंजिन बदललेलं असेल तर मात्र या कागदावर विसंबू नका. इंजिनवरची पाटी वाचून तिच्या नंबरानेच पार्ट मागवा, नाहीतर गॅस्केट सेट हमखास चुकीचा येतो.

दुसरं, डीटी ४६६ इतकं निर्दोष नव्हतं. वेट स्लीव्ह असली की कॅव्हिटेशन आलंच. लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला कूलंटचे बारीक बुडबुडे फुटतात आणि लोखंडाला सुईने टोचल्यासारखी भोकं पडत जातात. शेवटी कूलंट ऑइल पॅनमध्ये. कूलंटमधलं एससीए हे रसायन पट्टीने तपासून राखलं नाही तर हे होणारच.

इंजिनघर

@लाइनसेटिंग, कॅव्हिटेशन हा देखभालीचा प्रश्न आहे. एससीए कमी पडलं तर लायनर जातो आणि जास्त टाकलं तर ते गोठून रेडिएटरच्या नळ्या तुंबतात, म्हणून पट्टी लावून मगच टाकायचं. लायनर बसवताना त्याची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा ठरलेल्या मापाने वर राहिली पाहिजे. कमी असेल तर काउंटरबोअर (कॉलर बसते ती ब्लॉकमधली खाच) साफ करून खाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालतात. हे माप डायल गेजने प्रत्येक सिलिंडरला चार ठिकाणी न घेता हेड कसलं, तर हेड गॅस्केट लवकर जातं. माप घेऊन काम केलं तर इंजिन पुन्हा उभं राहतं, आणि हा हिशोब पॅरेंट बोअरमध्ये नाही.

तेलदाब

दोघंही एक टप्पा गाळताय. १९९० च्या दशकाच्या मध्यात डीटी ४६६ चं ४६६ई झालं. यांत्रिक पंप गेला, एचईयूआय इंजेक्टर आले. त्यात डिझेलला दाब देतं ते इंजिन ऑइल. हा तेलाचा दाब साधारण ५०० पीएसआयपर्यंत चढला नाही तर इंजेक्टर डिझेल फवारतच नाहीत. गाडी थंड असताना सुरू होते आणि तापल्यावर नुसता स्टार्टर फिरत राहतो, ही याची ठरलेली तक्रार. तापलेलं तेल पातळ होतं आणि इंजेक्टरच्या कडक झालेल्या ओ-रिंगमधून निसटतं. आधी तेलाची पातळी बघा, मग हाय-प्रेशर पंपाच्या टाकीत तेल पोचतंय का ते बघा, मग हा दाब राखणारा आयपीआर व्हॉल्व्ह, मग तो मोजणारा आयसीपी सेन्सर. इंजेक्टर काढण्याची घाई सगळ्यात शेवटी.

हेच तंत्र फोर्डला दिलेल्या ७.३ लिटर पॉवरस्ट्रोक इंजिनात होतं आणि तिथे नाव झालं. पुढच्या ६.० लिटरमध्ये नाव गेलं. ऑइल कूलरच्या कूलंटच्या बाजूचे बारीक मार्ग गाळाने बुजतात, पुढे ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या कूलरला) कूलंट कमी पडतं, तो तडकतो, आणि वर हेडला प्रत्येक सिलिंडरभोवती बोल्ट चारच. निदान सोपं आहे: हायवेच्या वेगाला तेल आणि कूलंटच्या तापमानात १५ अंश फॅरनहाइटहून जास्त फरक दिसला की ऑइल कूलर बुजलाय. पण फोर्ड आणि नेव्हिस्टारचं (१९८६ नंतरचं इंटरनॅशनलचं नाव) भांडण कोर्टात गेलं, २००९ ला तडजोड झाली आणि नंतर फोर्डने स्वतःचं ६.७ लिटर आणलं. अमेरिकेत असंख्य लोक इंटरनॅशनलचं इंजिन फोर्डच्या बोनेटखाली वापरत होते. इंजिन म्हणजेच ओळख, तर ही ओळख फोर्डची की इंटरनॅशनलची?

लाइनसेटिंग

@तेलदाब यांनी माझा मुद्दा पुढे नेला. आपलंच इंजिन, आपलाच मार्ग या हट्टाने कंपनी बुडायला आली होती. २०१० च्या नियमाने नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर हॉर्सपॉवर-तासाला ०.२ ग्रॅम झाली. बाकी मोठ्या ट्रकवाल्यांनी एससीआर घेतलं, म्हणजे धुरात डीईएफ (युरियाचं द्रावण) फवारायचं. नेव्हिस्टारने ठरवलं की नुसत्या ईजीआरवर, म्हणजे धूर इंजिनात परत फिरवून, भागवू. मर्यादा गाठता आली नाही, म्हणून जुने उत्सर्जन क्रेडिट (आधी मर्यादेहून कमी धूर सोडल्याबद्दल साठलेली सूट) खर्च करत गाड्या विकल्या. ते संपत आले तेव्हा ईपीए या अमेरिकन पर्यावरण खात्याने दर इंजिनामागे दंड भरून विकायची सवलत दिली आणि जून २०१२ मध्ये कोर्टाने तीही रद्द केली. त्याच उन्हाळ्यात कमिन्सची एससीआर यंत्रणा घ्यावी लागली आणि मुख्याधिकारी डॅन उस्टियन गेले. मॅक्सफोर्स ११ आणि १३ या ईजीआरवाल्या इंजिनांच्या ग्राहकांशी पुढे १३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

इंजिनघर

पण मॅक्सफोर्स १३ 'आपलं' होतं कुठे? त्याचा पाया जर्मन एमएएनच्या डी२६ चा. तेच घराणं २०१७ ला एससीआर लावून ए२६ म्हणून आलं. म्हणजे फसला तो धूर साफ करण्याचा निर्णय. ईजीआरचं प्रमाण वाढवलं की कूलरवर उष्णतेचा भार वाढतो, तो चिरतो, काजळी वाढते, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) वारंवार भरतो. हे कुठल्याही ब्लॉकवर झालं असतं. त्याचा दोष स्वतः इंजिन बनवण्याच्या परंपरेवर टाकू नका.

कांदिवली२७५

महाराष्ट्राचा याच्याशी जुना संबंध आहे म्हणून लिहितो. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कांदिवलीला बी-२७५ ट्रॅक्टर बनू लागला. आपल्याकडच्या महिंद्रा २७५ चा आकडा तिथून आलाय. नंतर २००५ च्या करारातून महिंद्रा-नेव्हिस्टार झाली, २०१० मध्ये चाकणहून ट्रक निघाले, पुढे नेव्हिस्टार बाहेर पडली, पण ७.२ लिटरचं इंजिन राहिलं आणि एमपॉवर नावाने महिंद्राच्या ब्लाझो ट्रकमध्ये गेलं. नाव गेलं तरी यंत्र टिकतं, याचं उदाहरण आपल्या दारात आहे.

अमेरिकेत उलटं झालं. १९८५ ला शेतीविभाग टेनेको या कंपनीला विकला तेव्हा रेमंड लोवीने काढलेलं लाल 'आय' आणि काळ्या 'एच'चं चिन्हही सोबत गेलं. आज ते केस आयएचच्या ट्रॅक्टरवर दिसतं. उरलेल्या ट्रक कंपनीला १९८६ मध्ये नेव्हिस्टार हे नवं नाव घ्यावं लागलं आणि २०२४ ला ती पुन्हा इंटरनॅशनल झाली. १९८० मध्ये बंद पडलेल्या स्काउट या जीपसारख्या गाडीचं नाव आता फोक्सवॅगन साउथ कॅरोलायनातल्या नव्या कारखान्यातल्या गाड्यांना लावतेय.

लाइनसेटिंग

@इंजिनघर, मग एस१३ लाही तोच न्याय लावा. स्कॅनियाच्या १३ लिटरवरून आलंय हे खरं, पण ते अलाबामात हंट्सव्हिलला बनतं. ईजीआरवरचा भार जवळजवळ काढून टाकलाय आणि डीईएफ दोन ठिकाणी फवारलं जातं. २०१० मध्ये जे नाकारलं तेच आता पूर्ण मनाने स्वीकारलंय. १८५० पौंड-फूट टॉर्क ९०० आरपीएमला मिळतो, म्हणजे अ‍ॅक्सल रेशो लांब घेता येतो (त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं).

इंजिनघर

टॉर्कबद्दल वाद नाही. पण हे इंजिन टी१४ या १४ गिअरच्या ऑटोमेटेड गिअरबॉक्ससोबत एकत्र संच म्हणून रचलंय. ओक्लाहोमातल्या एकट्या मेकॅनिकने डीटी ४६६ डायल गेज आणि टॉर्क रेंचवर उभं केलं. या संचाला डीलरचं सॉफ्टवेअर लागतं. ज्याच्या अंगणात ट्रक बंद पडतो त्याच्या हातात काय राहिलं, ते मला सांगा. मालक म्युनिकचा की शिकागोचा, हा प्रश्न माझ्यासाठी त्यानंतरचा.