रिसिव्हर आधी ठरवायचा का स्पीकर? हॉल १२ बाय १६, बजेट ७० हजार

जुळेकर
मालक लोकहो, जुळे सोलापूरला नवीन घर झालंय, दिवाळीच्या आत हॉलमध्ये होम थिएटर लावायचं मनात आहे. हॉल १२ बाय १६, वर सपाट स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला किचन ओपन. टीव्ही ५५ इंची, २०१९ चा, मागे एचडीएमआय एआरसी असं लिहिलंय (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारं भोक). बजेट सगळं मिळून ७० हजार, ओढूनताणून ७५, त्याच्या वर गेलं तर घरात दुसराच पिक्चर सुरू होईल.

नवी पेठेत चौकशी केली तर एक दुकानदार म्हणला १००० वॅटचा घ्या नाहीतर मजा नाही, दुसऱ्याकडे गेलो तर तो म्हणतोय वॅट सोडा हो चॅनेल बघा, ७.२ घ्या, म्हणजे सात स्पीकर आणि दोन वूफर. डोकं फिरलंय. घरी जुना डीव्हीडीवाला ५.१ सेट पडलाय, प्लेअर गेला पण चार उभे टॉवर, सेंटर आणि वूफर एकदम टणटणीत आहेत. नुसता भारीतला रिसिव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) घेऊन त्याला हेच जोडले तर? म्हणजे सगळे पैसे रिसिव्हरमध्ये घालता येतील असा विचार करालोय. मला पिक्चर लागतो, वडिलांना बातम्या आणि सिरियल, त्यांचं म्हणणं एकच, बोललेलं कळलं पाहिजे. सांगा की काय करू.

बेस_मास्तर
जुन्या सेटचा नाद सोडा. त्या टॉवरच्या मागचा स्टिकर बघा, ३ नाहीतर ४ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) लिहिलेलं असेल. आणि रिसिव्हरच्या मागच्या पॅनेलवर बघा, बहुतेक ठिकाणी ६ ओहमच्या खाली जाऊ नका असं छापलेलं असतं. ओहम निम्मा झाला की आवाजाचं बटण तिथेच ठेवलं तरी करंट दुप्पट ओढला जातो, हळू लावलं तर काही कळत नाही पण ऐन फायटिंगला आवाज वाढवला की रिसिव्हर प्रोटेक्शनला जाऊन खटकन बंद.

वूफरचं तर जमणारच नाही. डब्बा सेटमधला वूफर म्हणजे नुसती पेटी, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर प्लेअरच्या पोटात होता आणि तो प्लेअरच गेलाय. रिसिव्हरला मागे सबवूफरसाठी (जड बेसचा वूफर, थोडक्यात सब) जे आरसीएचं भोक असतं त्यातून फक्त सिग्नल येतो, पॉवर नाही. म्हणजे स्वतःची पिन थ्री-पिन सॉकेटमध्ये जाणारा पॉवर्ड सबच पाहिजे.

आणि सगळे पैसे रिसिव्हरमध्ये हा विचार उलटा आहे. आधी हॉल, मग त्या हॉलला पुरतील असे स्पीकर, आणि त्या स्पीकरला झेपेल असा रिसिव्हर सगळ्यात शेवटी. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकर आणि सबवर जाऊ देत. रिसिव्हर पाच-सात वर्षांत जुना होतो, नवा एचडीएमआय येतो, नवं काहीतरी डॉल्बी येतं, पण चांगला स्पीकर वीस वर्षं कुठे जात नाही.

चटणी_भाकरी
मास्तरांशी सहमत, १००० वॅटचं मी सांगतो. एकाच रिसिव्हरवर तीन वेगळे आकडे लिहिता येतात. एकच चॅनेल चालू ठेवून, फक्त १ किलोहर्ट्झला, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) चालवून घेऊन मोजला की आकडा मोठा येतो. तोच रिसिव्हर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.१ च्या आत असं मोजलं की आकडा निम्म्यावर येतो, खरा तो. पाचही चॅनेल एकदम चालवले की अजून खाली. दुकानदार पहिला आकडा घेतो, त्याला चॅनेलच्या संख्येने गुणतो आणि तुम्हाला १००० सांगतो.

आता तुमच्या हॉलचा हिशेब. ८६ डीबी (आवाजाचं माप) सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८६. तुम्ही बसणार १० फुटावर, तिथे येता येता नऊएक डीबी कमी होतात (बंद खोलीत भिंती थोडं परत देतात, ते सोडा). म्हणजे १ वॅटला ७७ मिळाले, घरातलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, वडिलांच्या बातम्या एका वॅटच्या आतच चालणार. १० वॅटला ८७, १०० वॅटला ९७. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी वाढतात, म्हणून ७० च्या ऐवजी १०० वॅटवाला घेतला तर दीड डीबी, कानाला जेमतेम कळेल. तेच ८६ च्या जागी ९० वाला स्पीकर घेतला तर ४ डीबी, म्हणजे रिसिव्हर अडीच पट मोठा घेतल्यासारखं, आणि ते फुकटात.

उदाहरण म्हणून एलॅकचा डेब्यू बी५.२ बघा, ८६ डीबी आणि ६ ओहम. क्लिप्शचा आर-४१एम ९० डीबी आणि ८ ओहम. कागदावर क्लिप्श छोट्या रिसिव्हरला सोपा. पण त्याला हॉर्नवाला, म्हणजे भोंग्यासारखा ट्वीटर (वरच्या चिरक्या आवाजाचा छोटा स्पीकर) आहे आणि तुमच्या टाइल्सच्या मोकळ्या हॉलमध्ये मला तरी तो टोचेल असं वाटतं, ऐकल्याशिवाय घेऊ नका. कागदावर लग्न जमवायचं आणि मुलगी बघायची नाही असं नको.

पार्क_चौक_कट्टा
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ७० हजारात ५.१ चा हट्ट कशाला? पाच स्पीकर घ्यायचे म्हटलं की पाचही हलके येणार. लेफ्ट, राइट, सेंटर एकाच सिरीजमधले चांगले घ्या, एक बरा सब घ्या, झालं ३.१. मागचे दोन पुढच्या वर्षी, रिसिव्हर तर ५.१ चाच असतो, भोकं रिकामी ठेवली म्हणून काही बिघडत नाही. पुढचे तीन मात्र एकाच घराण्यातले पाहिजेत, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मध्येच आवाजाचा रंग बदलतो. मागचे दुसऱ्या कंपनीचे चालतात.

वडिलांसाठी तर सेंटर हाच खरा खर्च. पिक्चरमधले जवळपास सगळे डायलॉग तिथून येतात. लोक सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सारून ठेवतात आणि मग आवाज डब्यातून आल्यासारखा येतो म्हणतात. कडेला पुढे ओढून ठेवा, खाली रबराचा तुकडा लावून तोंड थोडं वर, बसणाऱ्याच्या कानाकडे.

जुळेकर
लै भारी, डोळे उघडले. स्टिकर बघितला, ३ ओहमच आहे. सेट जाऊ दे गणपती मंडळाला, नाही नको, त्यांना पण नको. आता सांगा अ‍ॅटमॉस (छतावरूनही आवाज देणारं डॉल्बी) पाहिजे का नको, साधा यामाहा आरएक्स-व्ही३८५ बघालोय, त्यात अ‍ॅटमॉस नाही म्हणतात. आणि हॉल फार घुमतो, टाळी वाजवली तरी आवाज फिरतोय.

बेस_मास्तर
व्ही३८५ सरळ ५.१ आहे, वायफाय नाही, ब्लूटूथ आहे, सोबत माइक येतो सेटिंगचा, तो हॉलचा आवाज मोजून स्पीकर जुळवतो. ३.१ ने सुरुवात करणार असाल तर पुरे. अ‍ॅटमॉसचा साउंडट्रॅक लावला तरी आवाज बंद पडत नाही, तो ५.१ करून वाजवतो. पण दोन वर्षांनी छताचे दोन स्पीकर लावायचे असतील तर आत्ताच ७ चॅनेलवाला घ्यावा लागेल, कारण ५.१.२ मध्ये तो शेवटचा २ पण अ‍ॅम्प खातो. माझं मत, तुमच्या बजेटला अ‍ॅटमॉस विसरा, ते पैसे सबमध्ये घाला.

माइक लावून सेटिंग झाल्यावर एकदा मेनूत जाऊन बघा, बऱ्याच वेळा मशीन पुढचे स्पीकर लार्ज (जड बेस झेपणारे) धरतं. ते स्मॉल करा, क्रॉसओव्हर (जिथून खालचा आवाज सबकडे जातो ती रेषा) ८० हर्ट्झ. जड बेस सबकडे गेला की छोटे स्पीकर पण मोकळे होतात आणि रिसिव्हर पण.

पूर्वभाग_लूमवाला
घुमण्यावर आमच्याकडे औषध आहे, सोलापुरात राहून फोम कशाला विकत आणता. पातळ पडद्याने फक्त वरचा चिरका आवाज जरा कमी होतो. जाड चादर दुहेरी घडी घालून भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून टांगा, फरक कळतो, चिकटवून लावू नका. घरच्यांना चादर भिंतीवर नको असेल तर जॅकार्डचं वॉल हँगिंग घ्या, मागे एखादी जुनी सतरंजी लपवा, पाहुणे फोटो काढतात. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड जाजम टाका, टाइल्सवरून येणारा आवाज आधी तिथेच मरतो. सबच्या घुमण्याला मात्र चादर काही करत नाही, त्याला जागाच बदलावी लागते. सब सोफ्यावर ठेवून चालू करा आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यावर फिरा, जिथे बेस सरळ, एकसारखा ऐकू येतो तिथे सब. बायको हसेल, हसू दे.

अजून एक, इथला मे महिना. ४२-४३ डिग्रीला रिसिव्हर काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलात तर तो भाजूनच निघेल. वर निदान सहा इंच मोकळं, त्याच्या डोक्यावर सेटटॉप बॉक्स नको, चादर तर अजिबात नको. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पण चालवू नका, आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह असेल तर चालेल.

पार्क_चौक_कट्टा
वायरचं राहिलं. हजार रुपये मीटरवाली वायर कुणी दाखवली तर नमस्कार करून बाहेर या. इलेक्ट्रिकलच्या दुकानात तांब्याची दोन कोअर दीड एमएम फ्लेक्झिबल मिळते, १२ बाय १६ च्या हॉलला ८ ओहमसाठी बास, मागच्या लांब वायरला हवी तर अडीच घ्या. स्वस्त स्पीकर वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ठेवा तिथेच.

चटणी_भाकरी
आणि टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज एआरसीनेच घ्या. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये पीसीएम असेल तर ते बदलून बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच रिसिव्हरकडे) करा, नाहीतर ५.१ चे पैसे देऊन स्टीरिओ ऐकत बसाल. सबमधून हूं आवाज आला तर आधी केबलवाल्याची वायर सेटटॉपमधून काढून बघा, बऱ्याचदा तीच असते.

जुळेकर
रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला चाललोय, दोन-तीन ठिकाणी डेमो ठरलाय. काय घेऊन जाऊ ऐकायला?

बेस_मास्तर
वडिलांना घेऊन जा. त्यांची रोजची सिरियल मोबाइलवर डाउनलोड करून न्या, दुकानदाराचा स्फोटवाला डेमो ऐकायच्या आधी ती लावायला सांगा, आवाज कमी ठेवून. आणि बिल करताना व्हॉरंटी कार्डावर शिक्का बघा, इम्पोर्टेड म्हणून स्वस्तात देणारे असतात, त्यांचा माल बिघडला की सोलापुरात कुणी हात लावत नाही.