मदत हवी आहे: पायातलं रक्त वर चढतं कसं?

नमस्कार मंडळी. भाची सातवीत आहे. तिला रक्ताभिसरण समजावून सांगायला घेतलंय.

सुरुवात सोपी गेली. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी महाधमनीतून सगळ्या अंगाला. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास 5 लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही तेवढंच! केशवाहिन्या (धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या बारीक नळ्या) तर इतक्या अरुंद की तांबड्या पेशी अंग चोरून एकामागून एक सरकतात.

घोडं पेंड खातंय ते पुढे. हृदयाच्या पातळीवर महाधमनीत 120 मिमी पाऱ्यापर्यंत जाणारा दाब केशवाहिन्या संपेपर्यंत 15 च्या घरात उतरतो. मग घोट्यापासून छातीपर्यंतची चढण रक्त कशाच्या जोरावर चढतं? चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, शिरांमधल्या झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत, इथवर ठीक. पण माणूस नुसता उभा असेल तर? पोटऱ्या तर जवळजवळ स्वस्थच. श्वास घेताना छातीतला दाब घटतो आणि रक्त वर ओढलं जातं म्हणतात. त्याचा वाटा खरंच मोठा असतो का? आणि धमन्या-शिरा ही एक सलग नळी धरली, तर खाली उतरणारं रक्त वर चढणाऱ्याला तोलून धरतं, हा युक्तिवाद चालेल का? शिरा तर सहज फुगतात, म्हणून मला शंका येते.

इथे कुणी डॉक्टर किंवा जीवशास्त्राचे शिक्षक असतील तर कृपया सांगा. झडपांच्या आकृत्या पाहून झाल्यात, उभ्या माणसाचं तेवढं समजावा.